कॉलेजला जाणारे मूल गप्प होते तेव्हा

पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. बदलापुरातील एक गृहस्थ आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. "डॉक्टर, याला अशक्तपणा आलाय. एखादे चांगले टॉनिक लिहून द्या," एवढेच बोलले. गृहस्थ अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्यात पाळीवर काम करतात. मुलगा ठाण्यापलीकडच्या एका कॉलेजात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तो मान खाली घालून बसला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

खरे सांगायचे तर टॉनिक त्याला मीच आधी दोनदा दिले होते. सकाळी उठल्यावर पोटात दुखते, मळमळते, डोके जड होते, अशा तक्रारी घेऊन तो आला होता. मी पोट तपासले, आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, बाहेरचे खाऊ नको म्हणून बजावले आणि पुढचा पेशंट बोलावला. हे दुखणे सकाळीच का होते, रविवारी का होत नाही, हे विचारायचे मला सुचले नाही. ती माझी चूक.

खरा प्रकार असा होता. मुलगा अडीच महिने कॉलेजात गेलाच नव्हता. रोज सहाच्या सुमारास पास आणि डबा घेऊन घराबाहेर पडायचा, स्टेशनकडे वळायचा आणि तिथून परत फिरून बारवी धरणाच्या रस्त्याला लागायचा. कधी मुळगावच्या बाजूला, कधी एखाद्या टपरीवर, कधी झाडाखाली दिवस काढायचा. डबा तिथेच खायचा. संध्याकाळी नेहमीच्या लोकलची वेळ साधून घरी यायचा. वडिलांच्या ओळखीच्या एकाने त्याला तिथे दोन-तीनदा पाहिले, तेव्हा हे उघड झाले. आई मला नंतर म्हणाली, "अहो डॉक्टर, डबा रोज रिकामा यायचा. मग शंका कशी येणार?"

वडिलांनी आधी दोन थोबाडीत दिल्या, मोबाइल काढून घेतला, दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी टॉनिकसाठी माझ्याकडे आणले. त्यांना मी दोष देत नाही. पाळीवर राबून, पतपेढीचे कर्ज काढून ज्याची फी भरली तो मुलगा रस्त्यावर बसलेला सापडला, तर बापाचे डोके फिरणारच. पण थोबाडीत मारून जे कळले नाही, ते वडिलांना बाहेर बसवून दहा मिनिटे गप्प बसल्यावर कळले. पहिल्या वर्षाचे चार विषय राहिले होते. घरी दोनच सांगितले होते. पुढच्या परीक्षेची तारीख जवळ आली, तसे सकाळी उठले की छातीत धडधड, हातपाय गार, पोटात कळ. गाडीत चढवेना. रात्री तीनपर्यंत झोप नाही. क्रिकेटचे वेड होते, तेही गेले. "मी घरच्यांना ओझे झालोय," असे तो म्हणाला. हे शेवटचे वाक्य ऐकले की डॉक्टरने आणि पालकानेही सावध व्हायला हवे.

आपल्या भागातला विद्यार्थी

बदलापूर ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर. ज्याचे कॉलेज मुंबईत आहे त्याचे जाऊन-येऊन तीन तास गाडीत जातात, तेही बहुधा उभ्याने. पहाटे पाचला उठायचे, रात्री आठला घरी, मग क्लासचा अभ्यास, मग मोबाइल. झोप मिळते पाच तास. या वयाला सात ते नऊ तास लागतात. कित्येक घरांत वडील रात्रपाळीहून येतात तेव्हा मुलगा निघालेला असतो, आणि तो येतो तेव्हा वडील निघण्याच्या तयारीत असतात. एका खोलीत राहून आठवडा-आठवडा बोलणे होत नाही. जे होते ते एवढेच: "अभ्यास झाला का? पेपर कधी? किती पडले?"

त्यात वय असे, की मनाचे बहुतेक आजार पहिल्यांदा डोके वर काढतात ते याच वर्षांत. आयुष्यात ज्यांना मानसिक आजार होतात, त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांत त्याची सुरुवात पंचविशीच्या आत झालेली असते. म्हणजे हृदयविकाराची काळजी जशी पन्नाशीच्या माणसाची करायची, तशी मनाची काळजी अठरा-वीसच्या मुलांची करायला हवी. आपण करतो उलटे. "या वयात कसले आलेय टेन्शन?" हे वाक्य मी दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी ऐकतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचे आकडे पाहा. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले. त्याआधीच्या वर्षी, २०२१ मध्ये, महाराष्ट्राचा आकडा १,८३४ होता. दोन्ही वर्षी सर्व राज्यांत आपला क्रमांक पहिला. हे आकडे घाबरवण्यासाठी देत नाही. घरात हा विषय काढायला लाज वाटते, ती थोडी कमी व्हावी म्हणून देतो.

उदासी कुठली आणि आजार कुठला?

पेपर अवघड गेला, मैत्री तुटली, तर चार दिवस जेवण गोड लागत नाही. तो आजार नव्हे. तो निसर्ग आहे, आणि चार दिवसांनी मूल पुन्हा हसू लागते. मात्र दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहिले किंवा आवडीच्या गोष्टीतला रस गेला, आणि त्याबरोबर झोप बिघडली, भूक मंदावली किंवा अतोनात वाढली, थकवा, लक्ष न लागणे, मी निरुपयोगी आहे असे वाटणे, मरणाचे विचार यांपैकी काही दिसू लागले, तर ते नैराश्य असू शकते. तरुण मुलांत ते रडण्यापेक्षा चिडचिडेपणाच्या रूपाने जास्त दिसते. ताट सरकवणे, धाकट्या बहिणीवर खेकसणे, दार लावून घेणे. पालक म्हणतात, "शेफारलाय." दरवेळी तो शेफारलेला नसतो.

चिंतेचा आजार वेगळे सोंग घेऊन येतो. छातीत धडधड, श्वास अपुरा, हाताला मुंग्या, आता जीव जातो अशी भीती. दहा मिनिटांत झटका शिखराला पोहोचतो आणि मग ओसरतो. लोक मुलाला उचलून इस्पितळात नेतात, कार्डिओग्राम बरोबर येतो, आणि नातेवाईक म्हणतात, "नाटक करतोय." नाटक नाही. त्याला होणारा त्रास शंभर टक्के खरा आहे, फक्त त्याचे मूळ हृदयात नाही.

प्रत्येक थकवा मनाचा असतो असेही नाही. रक्तातले हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि गरज वाटल्यास ब-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. विशेषतः मुलींमध्ये रक्तक्षय इतका आढळतो की ती तपासणी आधी करावी. पण रिपोर्ट बरोबर आले म्हणजे मुलगी बरी आहे असा अर्थ काढू नये. तिथून खरी चौकशी सुरू करायची.

आणखी एक प्रकार सांगून ठेवतो, कारण त्यात उशीर फार महागात पडतो. मुलगा एकटाच बडबडू लागला, कोणी आपल्यावर पाळत ठेवतेय, जेवणात काही घालतेय असे म्हणू लागला, नसलेले आवाज ऐकू लागला, तर देवऋष्याकडे फेऱ्या मारण्यात महिने घालवू नका. खंडोबाला जरूर जा, पण डॉक्टरकडे आधी जा. गांजा ओढण्याची सवय असेल तर हा आजार उद्भवण्याचा आणि बळावण्याचा धोका वाढतो. म्हणून त्याबद्दल आरडाओरडा न करता, पण स्पष्ट विचारावे.

बारवी धरणाला आता स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला गेले की ते आपोआप उघडतात, आणि धरण भरत आले की नदीकाठच्या गावांना आधी इशारा दिला जातो. माणसाच्या मनाला असा आपोआप उघडणारा दरवाजा नाही, पण इशारा मात्र बहुतेक वेळा मिळतो. "माझ्याशिवाय तुमचे बरे चालेल," असे बोलणे. आवडत्या वस्तू मित्रांना वाटून टाकणे. निरोपासारखे मेसेज पाठवणे. हातावर कापल्याच्या खुणा आणि उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा शर्ट. फार दिवस तळमळणारे मूल एकाएकी अगदी शांत होणे. यांतले काही दिसले तर "उद्या बघू" म्हणू नये.

विचारायचे कसे?

पालकांची मोठी भीती अशी, की मरणाचा विषय काढला तर नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरेल. ही भीती निराधार आहे. विचारल्याने असा विचार पेरला जात नाही. उलट ज्याच्या मनात तो आहे त्याला, कोणीतरी ओळखले, याचा आधार वाटतो. साध्या शब्दांत विचारावे: "तुला जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असे मनात येते का?" उत्तर "हो" आले तर ओरडू नका, रडू नका, देवाची शपथ घालू नका. "बरे झाले सांगितलेस," एवढे म्हणा आणि जवळ बसा. त्या रात्री त्याला एकटे ठेवू नका. घरातली कीटकनाशके, उंदराचे औषध, आजीच्या गोळ्यांचा साठा कुलपात ठेवा किंवा शेजाऱ्याकडे द्या. अशा विचारांची लाट पुष्कळदा काही तासांतच ओसरते. तेवढा वेळ घातक वस्तू हाताशी नसणे, यानेच जीव वाचतो. आणि दुसऱ्या दिवशी नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पण एवढी वेळ येण्याआधीचे बोलणे जास्त महत्त्वाचे. समोर बसवून "बोल, काय झाले?" असे विचारले की मूल मिटते. पोलीस चौकीत विचारतात तसे ते होते. स्कूटरवर मागे बसवून, भाजी निवडताना, रात्री गच्चीत फेरी मारताना, म्हणजे डोळ्याला डोळा भिडत नाही अशा वेळी मुले जास्त बोलतात. हा माझ्या घरचाही अनुभव आहे. आणि ते बोलू लागले की तुम्ही थांबा. पहिल्या वाक्याला उपाय सांगू नका. बाप मंडळींना हे फार जड जाते, कारण कारखान्यात मशीन बंद पडली की आपण लगेच पाना घेतो.

"आमच्या काळी" हे शब्द मात्र कटाक्षाने टाळावेत. उल्हासनगरच्या कॅम्पात फाळणीनंतर नेसत्या वस्त्रांनिशी आलेली, लष्कराच्या बराकीत राहून पोरे शिकवलेली माणसे मी पाहिली आहेत. गिरण्यांच्या १९८२ च्या संपानंतर मुंबई सोडून इकडे आलेली घरेही पाहिली आहेत. त्यांचे कष्ट खरे, त्याबद्दल वाद नाही. पण आजोबांचे कष्ट ऐकून नातवाचे नैराश्य जात नाही. त्याला फक्त एवढेच कळते की, यांनी इतके सोसले आणि मला एवढेही जमत नाही. म्हणजे खड्ड्यात असलेल्या माणसावर आपण आणखी माती लोटतो.

एटीकेटीबद्दल दोन शब्द. पालकांना वाटते, एटीकेटी म्हणजे नापास, म्हणजे वर्ष फुकट, म्हणजे नातेवाइकांत नाक कापले. तिचा अर्थ एवढाच, की राहिलेले विषय नंतर द्यायचे आणि पुढच्या वर्गात बसायची मुभा. आणि निकालाचे सगळेच मुलाच्या हातात नसते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम सगळीकडे लागू केली आणि निकाल महिनोन्महिने रखडले. पुढचे प्रवेश, नोकऱ्या अडकल्या. "निकाल लागलाय आणि तू लपवतोयस," असे मुलाला माझ्यासमोर दरडावणारे पालक मी त्या वर्षी पाहिले. जे मूल निकाल लपवते, ते निकालाला जेवढे भिते त्याहून जास्त आपल्याला भिते. माझ्या पेशंटने दोन विषय लपवले ते वडिलांच्या रागाला भिऊन नव्हे. "बाबांचा चेहरा उतरला असता," असे तो म्हणाला.

"ठाण्याला नेणार का?"

मी मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढले तेव्हा त्या गृहस्थांनी हाच प्रश्न केला. आपल्याकडे ठाणे म्हणजे वेड्यांचे इस्पितळ, ही म्हण होऊन बसली आहे. ते मनोरुग्णालय १९०१ सालापासूनचे, आणि त्याच्या नावाने थट्टा करत तीन-चार पिढ्या गेल्या. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली. साधी, शिकलीसवरलेली, नोकरी करणारी माणसे आपल्या मनाच्या तक्रारी घेऊन तिथे जातात. तेव्हा "ठाण्याला नेणे" याचा अर्थ आता बदलायला हरकत नाही.

कोणाकडे काय मिळते हेही नीट समजून घ्यावे. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषधे देतो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून, विचारांची आणि सवयींची घडी बसवून उपचार करतात. पुष्कळांना दोन्ही लागते. सौम्य त्रासात नुसत्या समुपदेशनाने भागते. नैराश्यावरची औषधे म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांचे व्यसन लागत नाही. मात्र गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता होऊ शकते. पंचविशीच्या आतील मुलांवर सुरुवातीचे काही आठवडे विशेष लक्ष ठेवावे. बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढले तर डॉक्टरांना ताबडतोब कळवावे. बरे वाटू लागल्यावर गोळ्या मनाने बंद करणे ही सर्वांत नेहमीची चूक. त्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात.

जिथे खर्चाची किंवा अंतराची अडचण असेल तिथे १४४१६ हा क्रमांक लावावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास आहे, आणि मराठीत बोलता येते. पालकही फोन करू शकतात, त्यासाठी मूल तयार असण्याची वाट पाहायला नको.

पोलिसांच्या भीतीने काही घरे झालेला प्रकार दडवतात आणि उपचाराला उशीर करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच धरायचे आणि त्याला शिक्षा करायची नाही, असे ठरवले. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुने ३०९ कलमच नाही. इस्पितळात नोंद होईल, चौकशीला कोणी येईल, पण त्यासाठी मुलाला गुन्हेगार ठरवत नाहीत. तेव्हा एक मिनिटही दवडू नये.

कॉलेजलाही विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. प्रवेशाच्या वेळी आपण फी, ग्रंथालय, नोकऱ्या यांची चौकशी करतो, तशी हीही करावी. एक पथ्य मात्र पाळावे. मूल अठराच्या वरचे आहे. ते डॉक्टरशी काय बोलले, ते सगळे आपल्याला कळलेच पाहिजे असा हट्ट धरू नये. जिवाला धोका असेल तेव्हा डॉक्टर सांगतातच.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. औषधे आणि समुपदेशन दोन्ही सुरू झाले. ते सत्र त्याने सोडले. वडिलांना मी एकच काम दिले: रोज रात्री जेवणानंतर, पाळी असेल त्या आठवड्यात पाळीआधी, मुलाबरोबर वीस मिनिटे चालायचे आणि त्यात अभ्यासाचा अ देखील काढायचा नाही. पहिला आठवडा दोघे गप्पच चालले म्हणे. दुसऱ्या आठवड्यात क्रिकेट निघाले. तीन महिन्यांनी मुलाची झोप सुधारली, सकाळची पोटदुखी गेली. इंजिनीअरिंग मात्र त्याने सोडले. आता तो अंबरनाथला एका कारखान्यात काम करतो आणि बाहेरून बी.एस्सी. करतो आहे. वडील त्याबद्दल अजून खट्टू आहेत. परवा रक्तदाब तपासायला आले तेव्हा म्हणाले, "इंजिनीअर झाला असता हो." मग थोड्या वेळाने, "पण बोलतो आता."

(पुढील आठवड्यात: पावसाळ्यातील काविळीपासून बचाव)